टपाल नाका, ४१०२०६

पनवेलमध्ये टपाल नाका आहे. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. टपालात आता मुख्यतः बँका, विमा कंपन्या आणि कोर्ट यांचीच पाकिटं असतात. गेलेल्या, जाऊ घातलेल्या आणि जायला तयार नसलेल्या गोष्टींची ही यादी. क्रम मनाला येईल तसा.

पोस्टकार्ड. दर अजूनही ५० पैसे. तेवढं नाणं मात्र कुणी घेत नाही. कोपऱ्यांना हळदकुंकू असलं की लग्न. वर 'श्री' नसला की वाचायच्या आधीच छातीत धस्स. अशुभ कळवणारं कार्ड वाचलं की दाराबाहेरच फाडून टाकायचं, आत आणायचं नाही. आता फोनवरच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', तिच्याखाली सूर्यफूल आणि शुभ सकाळ, त्याखाली कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ. अशुभाला बाहेर ठेवायला दारच उरलेलं नाही.

पत्ता. 'जि. कुलाबा' लिहिलेली पाकिटं जुन्या ट्रंकांत सापडतात. जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, तरी म्हातारी माणसं कुलाबाच लिहीत राहिली आणि पत्रं पोचत राहिली. पत्ता म्हणजे आळी, वाड्याच्या मालकाचं नाव आणि 'मागील बाजूस'. बाकीचं पोस्टमनच्या डोक्यात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतात लिहिणारे कवी-नाटककार. पनवेल ४१०२०६, कामोठे ४१०२०९, खारघर ४१०२१०, कळंबोली ४१०२१८. भातशेती आणि मिठागरांचं शहर होत गेलं, त्याची नोंद या आकड्यांतही आहे. २०२५ मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन काढला. दहा अक्षरांचा, सगळ्या देशाचे साधारण चार-चार मीटरचे चौकोन. आमच्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याला तो लावला तर देवघर एका पत्त्यावर आणि न्हाणीघर दुसऱ्यावर. एवढं होऊनही पार्सल आणणारा मुलगा नाक्यावरून फोन करतोच, "काका, जवळपास काय आहे?"

तार. १४ जुलै २०१३ ला शेवटची गेली. तिच्यासाठी रडायचं कारण नाही. तिनं आधीच पुष्कळांना रडवलं होतं.

मनीऑर्डरच्या फॉर्मचा तळाचा तुकडा. गिरणीतल्या चाकरमान्याचे पैसे यायचे तेव्हा कोकणातली चूल पेटायची. या मुलखाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत ते उगीच नाही. फॉर्मच्या तळाला मजकुरापुरती चार बोटं जागा असे. गणपतीला येतो, कौलं शाकारून घेणे, धाकट्याला शाळेत घालणे: एवढ्यात महिन्याचा संसार मावायचा. पोस्टमन नोटा मोजून देई. सही येत नसेल तर अंगठा घेई, साक्षीला शेजारी बोलावी आणि तो तुकडा वाचून दाखवी. कुणाला किती आले हे अख्ख्या आळीला ठाऊक. त्यात माया होती असं आता म्हणायची पद्धत आहे. असेल, पण जाचही होता. पैसे सासऱ्याच्या हातात पडत, आणि नवऱ्यानं बायकोसाठी लिहिलेलं एखादं वाक्य सगळ्यांच्या देखत मोठ्यानं वाचलं जाई. त्यामुळे तो नवरा असलं वाक्य लिहीतच नसे. २०१५ साली कागदी मनीऑर्डर गेली, इलेक्ट्रॉनिक राहिली. आता पैसे थेट बाईच्या खात्यात येतात, मधे कुणी नाही. हे चांगलंच झालं. यूपीआयवरही मजकुरासाठी एक रिकामी जागा असते. आता वाचायला सासरा नाही, शेजारी नाही, काय वाटेल ते लिहावं. तिथे कुणी काही लिहीत नाही. लिहिलंच तर 'दूध'.

दुधाचे खाडे. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे. त्यावर मांडले जाणारे खाडे मोबाइलमध्ये गेले.

सुट्ट्या पैशांवरून भांडण. मासळी बाजारात कोळणीच्या पाटीशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. घासाघीस शाबूत आहे.

पत्रलेखन. दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्र अजून आहे. २०१८ च्या नव्या पुस्तकापासून त्यात ई-मेलचा पत्ता लिहावा लागतो. मूल कागदावर, पेनानं, ई-मेलच्या साच्यातलं पत्र लिहितं, जगात नसलेला एक ई-मेल पत्ता टाकतं आणि त्याचे गुण मिळवतं. ज्यानं आयुष्यात कधी पत्र टाकलेलं नाही आणि ई-मेलही क्वचितच केलेला आहे, तो रोपवाटिकेच्या व्यवस्थापकांकडे अतिशय अदबीनं रोपांची मागणी करतो. शाळेला निदान मायना शिकवावासा वाटतो, हे मी समजू शकतो. मावशीला लिहिलेल्या पत्राखाली ई-मेल कशाला, हे कुणीतरी एकदा सांगावं.

निकालाचा अंक. बारीक टायपात छापलेले बैठक क्रमांक. वर्तमानपत्र आलं की नाक्यावर झुंबड, आणि ज्याचा क्रमांक नसे त्याचंही सगळ्यांना त्याच क्षणी कळे. त्या पोरांनी काय सोसलं असेल, याचा हिशेब आठवणी काढणारे करत नाहीत. आता प्रत्येकाचा निकाल त्याच्या त्याच्या मुठीत. अपवाद २०२१ चा. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण झाली, आणि १६ जुलैला निकालाचं संकेतस्थळ तासन्‌तास बंद पडलं. राज्यभरची मुलं एकाच वेळी एकाच गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसली. शेवटचा सामुदायिक निकाल म्हणायचा तर तोच.

मराठी टंकलेखन. गोदरेजनं १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि पुढे क्लासच्या बाकांवर जन्म गेला त्याचा. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द. त्यावर कारकुनी अवलंबून. यंत्रावर अक्षर अर्धं उमटायचं, मग कान्याची कळ दाबून ते पुरं करायचं. आता परीक्षा संगणकावर होते, आणि पुष्कळ जण टंकायच्या ऐवजी फोनशी बोलतात. फोन बहुतेक वेळा बरोबर ऐकतो. आगरी बोलीत काही सांगितलं की मात्र भांबावतो.

नाक्यावरचा फळा. वर सुविचार, मधे बातमी, खाली कुणी वारलं असेल तर ते आणि अंत्ययात्रेची वेळ. अक्षर देखणं, शुद्धलेखन जमेल तसं. दुसऱ्या दिवशी पुसायचा. हे पुसणं महत्त्वाचं होतं. ग्रुपवर काही पुसलं जात नाही. गाढी नदीच्या कुठल्यातरी जुन्या पुराचा व्हिडिओ दर पावसाळ्यात 'आत्ताची परिस्थिती' म्हणून पुन्हा वाहू लागतो.

नोंदणीकृत बुकपोस्ट. डिसेंबर २०२४ मध्ये बंद. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाचा फराळ पूर्ण होतो. गावोगावी पोचलेल्या त्या अंकांमागे टपालाच्या स्वस्त दराचा मोठा हात होता. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीडपोस्टात विलीन झालं. संपादकांच्या संघटना, वाचक, लेखक यांपैकी किती जणांना त्याचं वाईट वाटलं कोण जाणे, मला वाटलं.

मोडी. ही केव्हाच गेली होती. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शाळांची जनरल रजिस्टरं आणि महसुलाची जुनी दप्तरं राज्यभर उघडली, आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कागद झपाझप स्कॅन झाले. वाचायला मात्र माणूसच बसवावा लागला, भिंग घेऊन.

न गेलेल्या वस्तू. झेरॉक्स: ऑनलाइन अर्जाची प्रिंट काढायची, तिची झेरॉक्स काढायची, दोन्ही कचेरीत द्यायच्या. आणि मधला माणूस. पोस्टमनच्या जागी महा ई-सेवा केंद्रातला मुलगा बसला आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा अशा केंद्रांबाहेर बायकांच्या रांगा लागल्या. आजीचा ओटीपी मोठ्यांदा वाचला जातो. तिचं वय, बँक, आधार क्रमांक मागच्या चौघींना कळतो. रेशनच्या दुकानात अंगठाही आहेच, शाईऐवजी काचेवर. भांडी घासून, भात लावून रेषा झिजलेल्या असल्या की यंत्र ओळख देत नाही. मग पदराला पुसून पुन्हा अंगठा, मग दुसरं बोट. शेजारीण बाजूलाच उभी असते आणि सांगत असते की ही तीच आहे. पण तिची साक्ष आता चालत नाही.