इसबगोलास अनावृत पत्र

प्रिय इसबगोला,

तुझं नाव फारसीतलं. अस्प म्हणजे घोडा, घोल म्हणजे कान. तुझं बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. आमच्या घरात मात्र तुला कुणी नावानं हाक मारत नसे. ‘ती पावडर’ म्हणायचे, आणि पाहुणे आले की तुझा डबा मसाल्यांच्या मागं जायचा.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी तुझा अपमानच केला. चमचाभर भुसा दोन घोट पाण्यात ढवळला आणि फोन घ्यायला गेलो. परत येतो तर पेल्यात खळीसारखा गोळा, चमचा उभा राहील असा. तो तसाच गिळला. नशीब, घशात अडकला नाही. दुसऱ्या दिवशी कोठा आणखी दगड.

फिशरचं दुखणं ज्याला झालंय त्यालाच कळतं. खडा उतरताना गुदद्वाराची चीर रोज नव्यानं फाटते. दुखतं म्हणून माणूस जायचं टाळतो. टाळलं की आतडं मळातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतं आणि उद्याचा खडा आजच्याहून कडक होतो. कुंथून कुंथून मूळव्याधीलाही आमंत्रण. तू या फेऱ्यात शिरून एवढंच करतोस, की पाणी धरून ठेवतोस. पण धरायला पाणी तर हवं! आता मोठा पेला भरून घेतो, ढवळल्या ढवळल्या पितो, वर आणखी एक पेला. तेही झोपायच्या अगदी तोंडावर नाही. बाकीच्या गोळ्या दोन तासांच्या अंतरानं.

सोनामुखी आतड्याला चाबूक मारते, तू मारत नाहीस. गुण यायला दोन-तीन दिवस घेतोस, हे आमच्या लोकांना पटत नाही. (गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून निघून परदेशात संत्र्याच्या चवीचा होतोस, तेव्हा तुझा मान वाढतो म्हणे.)

एक तक्रार आहे, तुझ्याबद्दल नव्हे, आमच्याबद्दल. रक्त दिसलं की आम्ही मूळव्याध ठरवून मोकळे होतो आणि तुझ्या भरवशावर महिने काढतो. ते काम तुझं नाही; रक्त दिसलं की डॉक्टरांना दाखवायचं. पोट फुगून उलट्या होत असतील, गिळायला त्रास असेल, तर तुला हातही लावू नये.

तुझा डबा सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, पाण्याच्या तांब्याशेजारी.

तुझा,
रोजचा एक चमचा