ड्रम, चिरे आणि मामीचं नाक

डेडलाइन, लोकल आणि कटिंग चहा यापलीकडे आपल्याला हाताने काही बांधता येतं का हो? मला तरी येत नव्हतं. मासकॉमच्या कोर्समध्ये कुणी थापी हातात दिली नव्हती. तरी मागच्या जानेवारीत राजापूरजवळ, मामाच्या गावी मी चार दिवस चिखलात बसले आणि झऱ्याला पेटी बांधली.

झरा घराच्या वरच्या अंगाला. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि खाली चिकणमाती लागली की बाजूने बाहेर पडतं. पण त्यात पाचोळा, बेडूक, गुरांचे खूर, सगळंच. पावसाळ्यात मामाचा नातू जुलाबाने दोनदा आडवा झाला होता.

आधी दहा लिटरची बादली धरली आणि मोबाइलवर वेळ लावली. ५० सेकंद! म्हणजे दिवसाला १७ हजार लिटर. मग बोंब कसली? तर रात्री आपण झोपतो, झरा नाही. ते पाणी सरळ वाहून जायचं.

माझ्या डोक्यात रिसायकलिंगचं भूत. पडक्या गोठ्याचे चिरे, जुना पाइप, फाटकी मच्छरदाणी, सगळं जमवलं. (सिमेंट मात्र नवंच आणावं लागलं, काय करणार.) गाळ बसायला भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणला. तळाला त्रिकोणात २ चा आकडा. "एचडीपीई आहे, एकदम सेफ," मी एक्स्पर्टच्या थाटात. मामीने झाकण काढून नाक आत घातलं.

"अगं, ह्यात आधी काय होतं?"

भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं. आकडा प्लास्टिक कुठलं ते सांगतो, आत काय भरलं होतं ते नाही. माझा चेहरा पाहण्यासारखा झाला. ड्रम परत गेला आणि मामीच्या बहिणीकडून कोकमाच्या आगळाचा ड्रम आला. त्याचा वास दोन दिवस धुऊनही जाईना, पण तो वास निदान ओळखीचा होता!

दुसरा घोळ भिंतीचा. मला ती उंच हवी होती, पाणी जास्त साठेल म्हणून. मामा म्हणाला, "झऱ्याला कोंडू नकोस." पाणी झऱ्याच्या तोंडाच्या वर चढलं, की दाबाने तो दुसरीकडे वाट काढतो. म्हणून जादा पाण्याचा पाइप तोंडाच्या खाली बसवला, त्यावर मच्छरदाणीची जाळी. आत धुतलेले दगड, वर जुनी फरशी, मागे पावसाचं पाणी वळवायला चर. ड्रममधून पाणी घरामागच्या जुन्या टाकीत.

ब्लीचिंग पावडरने सगळं धुतलं. तपासणीच्या बाटलीतलं पाणी काळं पडलं नाही, तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. मामी नातवासाठी अजून पाणी उकळतेच.

दर रविवारी तिचा मिस्ड कॉल येतो. मी उलटा फोन लावते आणि ती बादलीचे सेकंद सांगते. मेमध्ये ऐंशीवर गेले होते.