सप्पळ यावाग बर्तद?

आमची मारुती ८०० माझ्याहून एका वर्षाने लहान आहे. २००६ ची. नंबर केए-२३ चा, म्हणजे चिकोडी आरटीओचा. निपाणीच्या गाड्या तिकडेच नोंदवतात. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आमची पहिली वाढ २०२१ मध्ये झाली, दुसरी यंदा आहे. मम्मीला त्याआधी गाडी विकायची होती, पपांना नव्हती. त्या भांडणात गेल्या पावसाळ्यापासून गाडीनेच तोंड घातलं. पुढून आवाज यायला लागला.

कसला आवाज, यावर घरात एकमत नव्हतं. पपा म्हणायचे 'खट्'. मम्मी म्हणायची 'धप्'. मागच्या सीटवर बसून मला 'टॉक' ऐकू यायचं. शिवाय एक कुरकुर होती, ती मात्र सगळ्यांनाच ऐकू यायची. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या गेटमधून गाडी बाहेर काढताना उंचवटा लागतो, तिथे ती अशी काही ओरडायची की चार लोक वळून बघायचे. मम्मीला खरी लाज त्या कुरकुरीची.

आपण भाषेचे विद्यार्थी. आवाजाला शब्द हवा म्हटलं की आपल्याला कोश आठवतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७ ची) असे अनुकरणवाचक शब्द पानोपानी भेटतात. खडखड, खटखट, करकर, कुरकुर, घरघर. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ च्या डिसेंबरात, पण ती बिघडल्यावर लागणारे शब्द बैलगाडीच्या काळापासून तयार होते! इंग्रजीत याच कामाला क्लंक, रॅटल, स्क्वीक असे शब्द आहेत. दोन्ही भाषा जवळ असल्यामुळे मला वाटलं होतं, योग्य शब्द सापडला की बिघाड सापडेल.

आधी बेळगावातल्या एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. त्यांनी एक फेरी मारली, गाडी वर न उचलता यादी दिली: दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचा रॅक, टाय रॉड एंड, वरची माउंटिंग, सगळे बुश. रक्कम एवढी होती की तेवढ्यात दुसरी जुनी मारुती आली असती. मम्मी फक्त "बघा" एवढंच म्हणाली.

मग पपांच्या ओळखीने जुन्या पी. बी. रोडवरच्या एका मेस्त्रींकडे गेलो. एक गाळा, दोन जॅक, एक पोरगा. मेस्त्री पोरग्याशी कन्नडमध्ये बोलतात, आमच्याशी मराठीत, आणि स्पेअर पार्टवाल्याशी फोनवर दख्खनीत. मी आपली 'टॉक' की 'खट्' हे नीट समजावून सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"आवाज कसा आन् कुठनं ते राहू दे पोरी. कधी येतोय ते सांग."

त्याच वेळी दुसरा एक गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आला, त्यालाही त्यांनी हेच विचारलं, कन्नडमध्ये: "सप्पळ यावाग बर्तद?" सप्पळ म्हणजे आवाज. आवाज कधी येतो? तिन्ही भाषांत त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, हे मी त्या गाळ्यात बसून पुढे अनेकदा ऐकलं.

'कुठून' हा प्रश्न ते मागे का ठेवतात, ते मला नंतर कळलं. गाडीचा सांगाडा पत्र्याचा. चाकापाशी झालेली ठकठक पत्र्यातून फिरून भलतीकडेच निघते, त्यामुळे तीन सीटवरची तीन माणसं तीन जागा दाखवतात आणि तिघंही प्रामाणिक असतात. 'कधी' मात्र फसवत नाही. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू रेस दिली आणि टकटकटक आलं, तर चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो. बहुतेक वेळा त्याचं रबरी बूट आधीच फाटून ग्रीस बाहेर गेलेलं असतं. वेगाबरोबर वाढणारं घूंऽऽ असेल तर बेअरिंग. ते कोणत्या बाजूचं, हे हायवेवरच्या लांब वळणावर कळतं, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवं. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंगमधून टुंग् झालं, तर वरचं माउंटिंग अडकतंय. आणि शॉकॲब्सॉर्बर? बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडायचा. वर येऊन गाडी गप्प बसली तर ठीक, झोके घेत राहिली तर गेला. एवढं तर त्या मोठ्या गॅरेजवाल्यांना पार्किंगमध्येही करता आलं असतं.

मेस्त्रींनी मला पंधरा दिवस दिले. मी वहीत नोंदी केल्या: जागा, वेग, ब्रेकवर पाय होता की नाही, स्टिअरिंग कुठे वळलं होतं, पाऊस होता की ऊन. निपाणीच्या गल्लीत, वळता वळता ब्रेक दाबला की खट्. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर, डावं चाक रुळावर चढलं की खट्. तवंदी घाटातून साठच्या वेगाने येताना काहीच नाही. कुरकुर ऊन असलं की हमखास, आणि पाऊस लागला की बंद. वही भरली तेव्हा एवढं तरी दिसलं की आवाज दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पावसात थांबते ती रबराची कुरकुर. पाण्याने सुकलेला बुश तात्पुरता ओला होतो, एवढंच. मेस्त्रींनी बाटलीतलं पाणी स्टॅबिलायझरच्या बुशवर ओतून ती आमच्यासमोर बंद करून दाखवली.

खट् पावसात थांबत नव्हतं. पपांचं म्हणणं, हायवेला येत नाही म्हणजे विशेष काही नाही. मेस्त्री मान हलवून म्हणाले, "सर, ते उलटंय." झिजलेल्या सांध्यात फट असते. सरळ रस्त्यावर भार एकाच बाजूला दाबून राहतो, फट उघडझाप करत नाही, म्हणून आवाज नाही. ब्रेक, खड्डा, वळण, यांनी भार पलटतो आणि तेव्हा ती वाजते. हायवेवर फट असतेच, फक्त बोलत नाही.

त्यांनी डावीकडे जॅक लावला. चाक आडवं धरून, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर हात ठेवून, हलवलं. काही नाही, म्हणजे टाय रॉड आणि रॅक ठीक. मग बारा आणि सहावर धरलं. चाक किंचित हललं. "सर, ब्रेक दाबून धरा." ब्रेकने हलणं थांबलं असतं तर दोष बेअरिंगचा. ते थांबलं नाही. मग त्यांनी माझा हात ओढून खालच्या आर्मच्या टोकाला, बॉल जॉइंटवर ठेवला आणि पोरग्याला चाक हलवायला सांगितलं. पंधरा दिवस मी ज्याला शब्द शोधत होते ते तिथे बोटाला लागलं. आवाज जवळजवळ नव्हताच. फक्त एक बारीक सरकणं.

हा जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला लोखंडी गोळा. चाक त्याच्यावर वर-खाली होतं आणि वळतंही. वाटी झिजत झिजत एक दिवस गोळा बाहेर आला, की चाक आत दुमडतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. पपा दर शनिवारी आजीला आणायला बेळगावला जातात, संध्याकाळी तिला घेऊन तवंदी घाट उतरतात. मेस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा पपा काही बोलले नाहीत. त्यांनी चाकाकडे बघितलं, ते बारा इंची छोटंसं चाक, आणि म्हणाले, "आज गाडी इथंच ठेवतो."

दोन्ही बाजूंचे आर्म बॉल जॉइंटसकट नवे घातले, नव्या स्प्लिट पिना लावल्या, मग व्हील अलाइनमेंट. त्या मोठ्या यादीतला आमच्या कामाचा एकही पार्ट त्यात नव्हता. खालचा आर्म त्यांनी लिहिलाच नव्हता. बुश मात्र मेस्त्रींनीच पुढे ढकलले. "कुरकुरीनं कोण मरत नाही. पैसे आले की बघू." आधी कशाला घाबरायचं हे त्यांना माहीत होतं. आम्ही मात्र इतके महिने मोठ्या आवाजाची काळजी करत होतो, आणि त्याच्या आड तो दुसरा आमच्याबरोबर घाट उतरत होता.

मम्मीचं मत बदललेलं नाही. नोंदणी वाढवायचे कागद पपांनी फाइलला लावून ठेवलेत, ती फाइल ती दर चार दिवसांनी उचलून कपाटावर ठेवते. परवाच्या रविवारी चर्चच्या गेटवर पुन्हा लोक वळून बघत होते. "ऐकलंस?" मम्मी म्हणाली. "तो बुश," मी म्हटलं. "पाऊस आला की थांबेल."