टर्बो उतरवताना

धाकट्या भावाची भाड्याने चालणारी डिझेल गाडी पार्कसाइटचा चढ चढेना, तेव्हा घरची रोजीच अडली. गॅरेजवाल्याने नवा टर्बो सांगितला. "आपा, आधी उतरवून पाहू," भाऊ म्हणाला. जुम्म्याच्या नमाजनंतर, विक्रोळीतल्या आमच्या गल्लीत, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर त्याने बॅटरीची तार काढली. टॉर्च माझ्या हाती. गंजलेले नट तेल मुरल्यावरच सुटले; घाईत बोल्ट तुटतात.

टर्बोचा दांडा डुगडुगत होता. गॅरेजवाला खरेच बोलला होता. पण टर्बो गेला कशाने? मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा हा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो, आणि तेल आणणारी नळीच काजळीने बुजलेली! ती तशीच राहिली असती तर नवा टर्बोही गेला असता. उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबून भाऊ नळीसाठी कुर्ल्याला निघाला.