वायमार येथील दोन दर्शनें

जन्मभर मुलांस 'शाकुंतलां'तील उतारे शिकविले. त्यामुळें जर्मनींतील वायमार नगर आम्हांस तीर्थक्षेत्रच वाटलें. १७९१ सालीं फोर्स्टरनें केलेलें शाकुंतलाचें जर्मन भाषांतर वाचून महाकवि गटे मोहून गेला होता. ज्या घरीं त्यानें १८३२ मध्यें देह ठेविला, तेथें आम्हीं मनोभावें हात जोडले.

गटे ज्या एटर्सबर्ग टेकडीवर फिरावयास जाई, ती येथून पांचएक मैलांवर. तिच्यावरच १९३७ मध्यें बूखेनवाल्डची छळछावणी उभारली गेली. १९४५ पर्यंत तेथें सुमारें ५६,००० माणसें प्राणांस मुकलीं. तें स्थळ पाहतांना आमच्यानें बोलवेना.

विद्येनें मनुष्य सुसंस्कृत होतो, असें आम्ही वर्गांत निःशंकपणें सांगत आलों. वाचकहो, विद्येस दयेची जोड हवी, हें सांगावयाचें मात्र राहून गेलें.