पाटकऱ्याची पुण्याहून पत्रे

पत्र पहिले
विमाननगर, पुणे. गुरुवार.

तीर्थरूप दादांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

काल सायंकाळी सुखरूप पोहोचलो. पाकिटावर 'देवळाली प्रवरा, तालुका राहुरी' असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, कारण नुसते 'देवळाली' लिहिले की टपाल नाशिकच्या तोफखान्याचा मुलूख हिंडून मग आपल्या ओसरीवर येते, हा अनुभव आपणांस नवा नाही. राहुरी फॅक्टरीवर एस.टी. मिळाली, मुळेचा पूल, कृषी विद्यापीठाची झाडी, विळदचा घाट हे सर्व मागे पडून नगर येईतो उन्हे चांगलीच तापली होती. पुढे घोड नदी ओलांडून शिरूर लागले, जिल्हा बदलला, आणि रांजणगावापासून कारखान्यांची रांग सुरू झाली ती थेट चिरंजीवाच्या बिऱ्हाडापर्यंत.

निघतेवेळी आपण जे काम सोपविले ते ध्यानात आहे. सोसायटीच्या संगणकावर रोज सकाळी 'क्विक हील' हे जे नाव उमटते, ते कोणाचे, आणि आपल्या दप्तराची रोजची झडती घेण्याचा अखत्यार त्यास कोणी दिला, याचा छडा लावून यावे, अशी आपली आज्ञा होती. योगायोग असा की त्या कंपनीचे मुख्यालय याच विमाननगरात आहे. तपशील पुढील पत्री कळवीन.

आज एवढेच सांगतो की चिरंजीवाचा दिवस नवे आज्ञावलीलेखन करण्यात जितका जातो, त्याहून अधिक लिहिलेल्यातील चुका हुडकण्यात जातो. या हुडकण्यास त्याच्या धंद्यात 'डिबगिंग', म्हणजे किडे वेचणे, असे म्हणतात. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची चाल जुनीच, एडिसननेही १८७८ साली तो शब्द पत्रात वापरला होता. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' नामक अवाढव्य गणकयंत्राच्या रिलेमध्ये खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून, पंचनामा करावा तशी त्याची नोंद केली. ते पान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने अद्याप जपून ठेवले आहे. आपल्या पाटबंधारे खात्यातही असा भराव पोखरणारा एखादा खेकडा नोंदवहीत डकविला असता तर वरिष्ठांचा आमच्या अहवालांवर अधिक विश्वास बसला असता, असे मला वाटून गेले.

पत्र दुसरे
विमाननगर, पुणे. शनिवार.

ती. दादांस सा. न. वि. वि.

चौकशी पूर्ण झाली. ही कंपनी कोणा परकीय धनिकाची नसून कैलास आणि संजय काटकर या दोन मराठी भावांची आहे. घराणे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे, वास्तव्य पुण्याचे. थोरले कैलासराव दहावीनंतर शिक्षण सोडून १९८५ च्या सुमारास कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले, आणि काही वर्षांनी, १९९० च्या आगेमागे, १५,००० रुपयांच्या भांडवलावर एका खोलीत त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीच्या निमित्ताने बँकांतून जाणे-येणे असता संगणक दृष्टीस पडला. कॅल्क्युलेटरचे दिवस भरत आले आहेत हे या मनुष्याने ओळखले, आणि स्वतः तर ती विद्या अनुभवाने हस्तगत केलीच, परंतु धाकट्यास मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकावयास घातले. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने धंदा उभा राहिला.

आता विषाणूंची हकीकत. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांचे यंत्र शाबूत, तारा शाबूत, तरीही ते चालेनात, कारण फ्लॉपीच्या तबकड्यांतून आलेली लबाड आज्ञावली त्यांत ठाण मांडून बसलेली असे. तिची रीत आपल्या तलाठी दप्तराच्या भाषेत सांगतो. त्या काळचा संगणक सुरू होताच तबकडीचे पहिले पान वाची, ते जेमतेम ५१२ अक्षरांचे असे, आणि त्यावरील हुकमाप्रमाणे पुढचा कारभार चाले. विषाणू हे मूळ पान उचलून मागे कोठेतरी दडवी, त्याच्या जागी स्वतःचे पान लावी, आणि आपले काम उरकल्यावर मूळ पानाकडे कारभार सोपवी, त्यामुळे धन्यास संशयही येत नसे. असा बेमालूम फेरफार आपल्या तालुक्यातही कोणी केला नसेल! त्यांतील 'मायकेलअँजेलो' नावाचा एक विषाणू वर्षभर मुकाट राही आणि ६ मार्च उजाडला की साठ्याची पहिली पाने खरवडून टाकी.

यावर इलाज असा की विषाणूच्या अंगावरची ओळखीची खूण, म्हणजे अक्षरांचा एखादा विशिष्ट क्रम, शोधून काढावयाचा, प्रत्येक तबकडीवर तो हुडकावयाचा, आणि सापडताच दडविलेले मूळ पान स्वस्थानी आणून बसवावयाचे. वाचताना सोपे वाटते; परंतु ती खूण शोधण्यासाठी कोणीतरी विषाणूचे एकेक अक्षर सोडवून त्याचा अर्थ लावलेला असावा लागतो, आणि हे काम, चिरंजीव म्हणतो, किडे वेचण्याचेच, फक्त हा किडा कोणीतरी मुद्दाम सोडलेला. त्या काळी डॉस प्रणालीबरोबर 'डिबग' नावाचे एक लहानसे हत्यार येत असे. असल्या शस्त्रक्रियेला ते पुरे पडे, बैठक मात्र दांडगी लागे. संजयरावांनी दुकानात आलेल्या एकेका विषाणूवर एकेक उतारा लिहिला, पुढे ते उतारे एकत्र गुंफले, आणि १९९५ च्या सुमारास डॉससाठी 'क्विक हील' विक्रीस आले. कंपनीने हेच नाव धारण केले ते मात्र २००७ मध्ये.

मला सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. 'आयबीएम पीसी' धर्तीच्या संगणकांचा आद्य विषाणू म्हणून ज्याची ख्याती आहे तो 'ब्रेन', १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी लिहिला. त्यांचेही संगणकाचे दुकानच होते. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रती निघतात म्हणून चोरांस धडा शिकवावा, हा त्यांचा उद्देश, आणि त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांकही राजरोस घातला होता! लाहोरात दोन भावांनी रोग सोडावा आणि पुण्यात दोन भावांनी औषधाचे दुकान मांडावे, असे कोणी कादंबरीत लिहिले असते तर आपण तिला कृत्रिम ठरवून बाजूस ठेवले असते.

पुढची हकीकत थोडक्यात देतो, कारण ती पैशांची आहे. २०१० मध्ये सिकोया नावाच्या गुंतवणूकदार संस्थेने ६० कोटी रुपये घातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी समभाग विकून कंपनी शेअरबाजारात उतरली, आणि पहिल्याच दिवशी भाव त्याखाली घसरला. चिरंजीव हे आकडे मोठ्या उत्साहाने सांगत होता. माझे लक्ष मात्र त्या ४०० रुपयांवरच खिळले होते. दहावीनंतर थोरल्याने हातात पान्हा घेतला आणि धाकट्यास वह्या घेऊन दिल्या, ही हकीकत मला कोठे ऐकल्यासारखी वाटली, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

पत्र तिसरे
विमाननगर, पुणे. रविवार.

ती. दादांस सा. न. वि. वि.

आज मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात गेलो होतो. पितळी कुलपे, बंद घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे यांच्या ढिगात एक टेबलावरचा कॅल्क्युलेटर दिसला. विकणाऱ्याने तो उलटून दाखविला. पाठीमागे डाग दिलेल्या जागा स्पष्ट दिसत होत्या, कोण्या कारागिराने तो उघडून पुन्हा जोडलेला. तो घेण्याचा मोह आवरला, कारण ठेवणार कोठे.

खात्यात असताना प्रवरेच्या उजव्या कालव्याच्या भरावावरून रात्री कंदील घेऊन आम्ही चालत असू, ते त्या जोडकामावरून आठवले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, तेव्हापासून हे पाणी वाहते आहे, आणि भराव फुटला की वर्तमानपत्रात बातमी येते. परंतु खेकड्याचे बीळ बोटाएवढे असताना ज्या पाटकऱ्याने ते चिखलाने बुजविले, त्याची नोंद कोठेही होत नाही, कारण काही घडलेलेच नसते. काटकर बंधूंनी या न घडलेल्या गोष्टीचीच किंमत आकारण्याची युक्ती काढली. लोक ती देतात, हेच मला अद्याप पुरते उमगलेले नाही. आमच्या खात्यात कोणी अशी पावती फाडली असती तर त्याची चौकशी लागली असती.

सोसायटीच्या सचिवांस सांगावे की सकाळी ते नाव उमटते तेव्हा बटण दाबून घालवू नये. खाली नव्या खुणांची यादी उतरून घेण्याविषयी जे विचारले जाते त्यास होकार द्यावा, एरवी जुन्या यादीवर नवा चोर सापडत नाही. वर्गणीची मुदत संपत आली असल्यास मासिक सभेत विषय ठेवावा.

मी बुधवारी सकाळच्या गाडीने निघतो. आवर्तन सुटण्यापूर्वी आपल्या चारीच्या तोंडाशी, बाभळीच्या बाजूस, घुशीने पुन्हा उकरले आहे काय तेवढे पाहून ठेवावे. मागच्या पाळीला तेथेच ओल दिसली होती. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा