आपल्या पेठेचा फुटबॉल

"कोल्हापूरचा फुटबॉल? तो काय बघायचा?" हॉस्टेलवर मला हमखास ऐकायला मिळतं. इथे जागरणं होतात ती मँचेस्टर नाहीतर माद्रिदसाठी. खेळ तिकडचाच भारी, मान्य! पण आंबा घाट ओलांडून सुट्टीत घरी गेलो, की माझी पावलं शाहू स्टेडियमकडेच वळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार... कुस्तीच्या तालमींच्या नावानेच इथे फुटबॉलच्या टीम! सकाळी मिसळ खाताना शेजारी बसलेला पोरगा दुपारी आपला स्ट्रायकर असतो. त्याचा गोल हुकला, की आख्खी पेठ हळहळते. मी कॉन्व्हेंटवाला, पण तिथे तोंडातून "मार की रं!" हेच निघतं. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. माद्रिदला माझी हाक ऐकू जाणार नाही, दोस्तांनो. इथे जाते!